रक्तात उतरणारी ड्युटी : वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : निवासी डॉक्टरांचा बर्नआउट, शरीरातला दाह आणि हृदयविकार

महोदय,

कामाचा ताण महिनोन्‌महिने चालू राहिला आणि तो आटोक्यात आलाच नाही, तर माणूस ज्या अवस्थेला पोचतो तिला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत या अवस्थेच्या तीन खुणा दिल्या आहेत : अंगातली शक्ती पार संपल्याची जाणीव, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. ती नोकरीच्या परिस्थितीतून उद्भवणारी गोष्ट आहे, असे तिथे नमूद आहे. हा भेद वरवर कारकुनी वाटला, तरी पुढचे सगळे त्यावरच ठरते. आजार असता, तर औषध माणसाला द्यावे लागले असते. गोष्ट कामातून येत असेल, तर इलाज कामावर करावा लागतो.

या अवस्थेचे पहिले वर्णन दवाखान्यातूनच आले. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने १९७४ साली न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांविषयी लिहिले. उत्साहाने आलेली माणसे वर्षभरात चिडचिडी, थकलेली आणि रुग्णांविषयी कोरडी होत जातात, हे त्याने तिथे पाहिले होते. १९८१ साली ख्रिस्तिना मॅसलॅक आणि सुझन जॅक्सन यांनी बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तीही मुख्यतः डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, समाजसेवक अशा माणसांशी थेट संबंध येणाऱ्या व्यवसायांसाठी होती. तेव्हा महाराष्ट्रातल्या जे. जे., ससून, घाटी, मेयो, केईएम, सायन अशा रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांना हे लागू पडते का, हा प्रश्न गैरलागू आहे. हा विषय त्यांच्यासारख्यांवरूनच सुरू झाला.

कोणती कामे माणसाला झिजवतात, याचे उत्तर १९७९ साली रॉबर्ट कारासेक या अमेरिकी संशोधकाने मांडले. कामाची मागणी जास्त आणि त्या कामावर स्वतःचा ताबा कमी, हे मिश्रण सर्वांत घातक असते. नुसते जास्त काम तितके मारत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही भरपूर काम असते. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवर झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासमालिकेत आपल्या कामावर ताबा नसलेल्या खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना हृदयविकार जास्त आढळला. १९९६ साली योहानेस झिग्रिस्ट या जर्मन समाजशास्त्रज्ञाने त्यात तिसरा धागा जोडला : कष्ट आणि मोबदला यांतली तफावत. मोबदल्यात पगाराबरोबर मानसन्मान आणि पुढची शाश्वतीही येते. आता पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा दिवस या तिन्ही निकषांवर ठेवून पाहावा. ओपीडीची रांग, वॉर्डचे राउंड, इमर्जन्सी, शस्त्रक्रियेची यादी, रक्ताचे नमुने, केसपेपर, नातेवाइकांची समजूत आणि कर्मचारी नसेल तेव्हा ट्रॉली ढकलणे, एवढी मागणी. ड्युटी कधी लागेल आणि कधी सुटेल हे युनिटमधले वरचे लोक ठरवतात, म्हणजे ताबा जवळजवळ शून्य. मोबदला म्हणजे विद्यावेतन, आणि ते वेळेवर मिळावे म्हणून ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेला वेळोवेळी आंदोलनाचा इशारा द्यावा लागला आहे. कारासेक आणि झिग्रिस्ट यांना आपले सिद्धान्त शिकवायला याहून नेटके उदाहरण सापडले नसते.

कामाचा ताण आणि हृदयविकार यांचा संबंध आता तर्काचा उरलेला नाही. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासात पहिला हृदयविकाराचा झटका आलेले ११,११९ रुग्ण आणि १३,६४८ निरोगी माणसे यांची तुलना झाली. त्यात भारतही होता. कामाचा सततचा ताण सांगणाऱ्यांमध्ये झटक्याची शक्यता तसा ताण नसलेल्यांच्या दुपटीहून थोडी जास्त निघाली. अर्थात झटका येऊन गेलेल्या माणसाला मागे वळून पाहताना ताण अधिक आठवतो, हा आक्षेप त्यावर घेता येतो. तो आक्षेप टाळायचा तर आधी ताण मोजायचा आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. मिका किविमाकी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली युरोपातल्या १३ अभ्यासांतली सुमारे १ लाख ९७ हजार माणसे एकत्र घेऊन हेच केले. जास्त मागणी आणि कमी ताबा असलेल्यांमध्ये हृदयविकार २३ टक्क्यांनी जास्त आढळला. आकडा दुपटीवरून इथवर उतरला, पण शून्यावर आला नाही.

बर्नआउट थेट मोजणारा अभ्यास इस्रायलमधला आहे. तेल अवीवला वार्षिक आरोग्य तपासणीसाठी येणाऱ्या ८,८३८ वरकरणी निरोगी नोकरदारांची बर्नआउटची पातळी शेरॉन टोकर यांच्या गटाने नोंदवली आणि सरासरी ३.४ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. बर्नआउट असलेल्यांत हृदयधमन्यांचा विकार सुमारे ४० टक्क्यांनी जास्त निघाला. बर्नआउटच्या सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यातल्या लोकांत ७९ टक्क्यांनी. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका दीर्घ अभ्यासात ११,४४५ माणसांची दोन दशकांहून अधिक काळ नोंद ठेवली गेली. त्यात ‘प्राणशक्तीचा ऱ्हास’ या बर्नआउटच्या जवळच्या अवस्थेची पातळी सर्वांत जास्त असलेल्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एट्रियल फिब्रिलेशन हा विकार २० टक्क्यांनी अधिक आढळला. या विकारात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा धोका असतो.

थकवा मनाचा आणि झटका हृदयाला, हे घडते कसे, याचे उत्तर गेल्या काही दशकांत सापडत गेले. त्या उत्तराच्या मध्यभागी दाह आहे. जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते, ठणकते. शरीराचे संरक्षक दल तिथे जमा झाल्याची ती खूण. काम संपले की दल माघारी जाते. याच प्रक्रियेचा दुसरा प्रकार असा, की ज्यात जखम नसते, ठणका नसतो, पण पांढऱ्या पेशी आणि त्यांची रासायनिक निरोपपत्रे रक्तात थोडी जास्त प्रमाणात सतत फिरत राहतात. माणसाला काहीच जाणवत नाही. रक्ततपासणीत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हा यकृतात तयार होणारा पदार्थ तेवढा किंचित वाढलेला दिसतो. सूक्ष्म प्रमाण ओळखणाऱ्या एचएस-सीआरपी तपासणीत तो लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर हृदयाच्या दृष्टीने जोखीम कमी, १ ते ३ असेल तर मध्यम आणि ३ च्या वर असेल तर जास्त मानतात. १९९७ साली पॉल रिडकर यांनी दाखवून दिले, की धडधाकट पुरुषांत आज वाढलेला सीआरपी हा पुढे काही वर्षांनी येणाऱ्या झटक्याची आगाऊ सूचना देतो.

ताण या दाहापर्यंत दोन वाटांनी पोचतो. पहिली वाट संप्रेरकांची आहे. धोका जाणवला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपासून पिट्युटरी आणि तिथून मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीपर्यंत संदेश जातो आणि कॉर्टिसॉल सुटते. कॉर्टिसॉलचे एक मुख्य काम दाह दाबण्याचे आहे. डॉक्टर दम्याला किंवा सांधेदुखीला स्टेरॉइड देतात ते याच गुणासाठी. मग ताणाने दाह कमी व्हायला हवा. तास-दोन तासांच्या ताणात तसे होतेही. पण कॉर्टिसॉलचा मारा आठवडेच्या आठवडे चालला, की पांढऱ्या पेशी त्याला दाद देईनाशा होतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या शेल्डन कोहेन यांनी स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूंचा संसर्ग करून हे तपासले. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी जुमानत होत्या आणि सर्दीही त्यांनाच जास्त झाली. दाबणारा हात शिल्लक असतो, पण त्याचा जोर चालत नाही.

दुसरी वाट मज्जातंतूंची, आणि ती हाडांतून जाते. सगळ्या पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत जन्माला येतात. तिथल्या मूळ पेशींना शांत राहण्याचा संकेत देणारे एक रसायन मज्जेतल्या आधारपेशी सोडत असतात. ताणाखाली सिंपथेटिक मज्जातंतू मज्जेत नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सोडतात, त्यामुळे ते शांत करणारे रसायन घटते, मूळ पेशी भराभर विभागू लागतात आणि मोनोसाइट व न्यूट्रोफिल या पेशींची जादा कुमक रक्तात उतरते. जंगलात जनावर अंगावर आले असते, तर ही सज्जता उपयोगाची होती. वॉर्डात पहाटे तीनला आलेल्या फोनमुळे कुठे जखम होणार नसते. पेशी मात्र तयार होऊन फिरत राहतात.

त्यांतले मोनोसाइट रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात. तिथे आधीच साचलेले एलडीएल कोलेस्टेरॉल ते खातात, खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. भिंतीत असा चरबीचा, मेलेल्या पेशींचा साठा वाढत जातो. त्यावर तंतूंचे एक झाकण असते. झाकण जाड असेल, तर साठा वर्षानुवर्षे गुपचूप पडून राहतो. दाह जास्त असेल, तर पेशींतून सुटणारी विकरे ते झाकण कुरतडतात आणि ते दुधावरच्या सायीसारखे पातळ होते. एखाद्या दिवशी रक्तदाब वाढतो, साय फाटते, आतला मसाला रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी होते. झटका येणाऱ्या अनेकांची धमनी आधी फारशी अरुंद झालेलीच नसते, याचे कारण हेच. अँजिओग्राफीत ‘थोडेसे आहे’ असे ऐकून घरी गेलेल्या माणसाला झटका येतो, तेव्हा बहुधा नडते ती अडथळ्याची जाडी नसून झाकणाची दशा.

ही साखळी निवासी डॉक्टरांच्या रक्तात प्रत्यक्ष पाहिली गेली आहे, आणि या पत्राचा गाभा तोच आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मथियास नारेनडॉर्फ यांच्या गटाने २०१४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या २९ निवासी डॉक्टरांचे ड्युटीवर असतानाचे आणि ड्युटीबाहेरचे रक्त तपासले गेले. ड्युटीच्या काळात त्यांनी सांगितलेला ताण वाढलेला होता आणि त्याबरोबर मोनोसाइट आणि न्यूट्रोफिलही वाढलेले होते. संशोधकांनी मग उंदरांना दीर्घकाळ ताणाखाली ठेवून मज्जेतली वर सांगितलेली यंत्रणा उलगडली. धमन्यांत आधीच साठे असलेल्या उंदरांमध्ये ते साठे दाहाने भरून फाटण्याजोगे झाले. २९ हा आकडा लहान आहे आणि त्या डॉक्टरांना पुढे काय झाले, हे त्या अभ्यासाने पाहिले नाही. पण ड्युटीचा तक्ता रक्ताच्या तक्त्यात उमटतो, एवढे त्यावरून ठरले.

पुढचा दुवा २०१७ साली त्याच रुग्णालयातल्या अहमद तवाकोल यांच्या संशोधनाने जोडला. २९३ माणसांच्या पीईटी स्कॅनमध्ये भीती आणि ताण हाताळणारा मेंदूतला अमिग्डाला किती सक्रिय आहे, ते मोजण्यात आले. ज्यांचा अमिग्डाला जास्त सक्रिय, त्यांची अस्थिमज्जा जास्त सक्रिय, त्यांच्या धमन्यांत दाह जास्त, आणि पुढच्या साधारण पावणेचार वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघातही त्यांनाच जास्त. मेंदू, हाड आणि धमनी ही तिन्ही ठाणी एकाच माणसात एका वेळी मोजलेली इथे सापडतात.

दाह हा हृदयविकाराचा नुसता सोबती आहे की भागीदार, हा वाद मात्र औषधांच्या चाचण्यांनी मिटवला. २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत आधी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर फक्त दाह कमी करणारे एक औषध वापरून पाहिले. ते कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही. मधल्या मात्रेत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. त्याच वेळी जीवघेणे संसर्ग वाढले, आणि औषधही अतिशय महाग. वातरक्तावरच्या कोल्चिसिन या जुन्या स्वस्त औषधाने २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत चांगला फायदा दाखवला, तर २०२४ च्या मोठ्या चाचणीत काहीच दाखवला नाही. म्हणून थकलेल्या डॉक्टरांना दाहशामक गोळ्या देणे हा मार्ग नाही. सर्वांची सरसकट एचएस-सीआरपी तपासणीही निरुपयोगी ठरेल, कारण साध्या सर्दीने किंवा दाढेच्या दुखण्यानेही तो आकडा चढतो.

निवासी डॉक्टरांच्या बाबतीत ताणाला झोपेच्या तुटीची जोड असते, आणि ही तूट दाहाला स्वतंत्रपणे खतपाणी घालते. २००४ सालच्या एका प्रयोगात २५ निरोगी तरुणांची झोप आठवडाभर आठ तासांवरून सहावर आणली, तर दाहाचा निरोप नेणारे इंटरल्युकिन-६ वाढले. २०२२ साली कॅमेरॉन मॅकआल्पाइन आणि सहकाऱ्यांनी १४ निरोगी माणसांची झोप सहा आठवडे रोज फक्त दीड तासाने कमी केली. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्या आणि मूळ पेशींच्या जनुकीय खुणा बदलल्या. त्याच संशोधनात उंदरांमध्ये असे बदल झोप पूर्ववत झाल्यावरही आठवडेच्या आठवडे टिकून होते. ‘पोस्टिंग संपली की भरपूर झोपून घेऊ’ हा होस्टेलवरचा हिशेब मज्जेला मान्य नाही, असा त्याचा अर्थ. इथे दीड तास कमी म्हणजे प्रयोगातली कठोर अट होती. सलग ३६ तासांची ड्युटी करणाऱ्याला ती सवलत वाटेल.

बाकीची वाट सगळ्यांच्या ओळखीची आहे. रात्री जे मिळेल ते खाणे, चहा आणि सिगारेट, व्यायामाला वेळ नसणे, स्वतःचा रक्तदाब कधीही न मोजणे. बर्नआउट आणि हृदयविकार यांच्या नात्याचा काही भाग या सवयींतून जातो, यात शंका नाही. सगळा जात नाही. वरच्या अभ्यासांत धूम्रपान, वजन, रक्तदाब यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही संबंध उरला.

या पुराव्याच्या मर्यादाही शासनासमोर असायला हव्यात. बर्नआउट कशाला म्हणायचे, यावर संशोधकांचे एकमत नाही. नैराश्यापासून त्याची सीमा पुसट आहे. टोकर यांच्याच २००५ च्या अभ्यासात बर्नआउटचा सीआरपीशी संबंध स्त्रियांत सापडला, पुरुषांत नाही. पुरुषांत तो नैराश्याशी सापडला. शिवाय पंचविशीतल्या डॉक्टरला उद्या झटका येईल, असे यातला कोणताही अभ्यास सांगत नाही. एखादा तरुण निवासी डॉक्टर दगावला, की लगेच कारण ठरवून टाकणाऱ्या बातम्यांना शवविच्छेदनाशिवाय अर्थ नसतो. इथे मुद्दा दूरच्या काळाचा आहे. धमनीतले साठे विशीतच सुरू होतात. ‘इंटरहार्ट’मध्ये दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना सुमारे ५९ व्या वर्षी. ज्या समाजाची धमनी सहा वर्षे आधी हार मानते, त्या समाजातल्या डॉक्टरांची तरुण वर्षे कशात जातात, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

कामाचे किती तास धोक्याचे, याला एक अधिकृत उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली केलेल्या संयुक्त मोजणीनुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. २०१६ या एका वर्षात जगभर ७ लाख ४५ हजार मृत्यू लांबलेल्या कामामुळे झाले, असा त्यांचा अंदाज आहे.

आता नियमांकडे. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग ड्युटी साधारणतः १२ तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवड्याचे काम ४८ तासांत बसावे, असे लिहिले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत तास ‘वाजवी’ असावेत आणि विश्रांतीही ‘वाजवी’ मिळावी, एवढेच म्हटले आहे, आकडा नाही. आयोगाच्याच कृती दलाने २०२४ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी अहवाल दिला. पाहणीत उत्तर देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांनी आठवड्याला ६० तासांहून जास्त काम सांगितले आणि निम्म्याहून अधिकांना साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. दलाने सुचवलेली कमाल मर्यादा ७४ तास : एक २४ तासांची ड्युटी, पाच दिवस १० तासांच्या आणि एक दिवस सुट्टी. म्हणजे ३२ वर्षांत कागदावरची मर्यादा २६ तासांनी वर सरकली आणि धोक्याच्या ५५ च्या रेषेपेक्षा १९ तास पुढे जाऊन थांबली. अहवाल मानसिक आरोग्याचा असल्याने त्यात हृदयाचा विचार नाही, हे समजण्यासारखे आहे. दोन्ही विचार एकत्र झाले, तर ७४ हा आकडा टिकत नाही.

इतर देशांनी ही मर्यादा कायद्याने आणली. युरोपीय संघात शिकाऊ डॉक्टरांना २००९ पासून आठवड्याला सरासरी ४८ तास लागू आहेत. जपानने अतिश्रमाने होणाऱ्या हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या मृत्यूंना भरपाईपात्र मानले, २०१४ साली त्यासाठी प्रतिबंधक कायदा केला आणि एप्रिल २०२४ पासून डॉक्टरांच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची साधारण मर्यादा घातली. अपवाद ठेवले ते वेगळे. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली एका तरुण रुग्ण मुलीच्या मृत्यूनंतर हा प्रश्न पेटला आणि २००३ पासून देशभर ८० तासांची मर्यादा आली. अमेरिकेचा आकडा अनुकरण करण्याजोगा नाही, पण तिथे झालेल्या चाचण्या उपयोगी आहेत.

त्यांतली एक चाचणी विशेष बारकाईने वाचावी. २००४ साली लांब ड्युट्या काढून टाकल्यावर अतिदक्षता विभागातल्या गंभीर चुका कमी झाल्या होत्या. जुन्या वेळापत्रकात त्या ३६ टक्क्यांनी जास्त होत्या. त्याच संशोधकांनी २०२० साली सहा बाल-अतिदक्षता विभागांत हाच प्रयोग केला, तेव्हा उलटे घडले. ड्युट्या लहान केलेल्या गटात चुका वाढल्या. तपशिलात गेल्यावर दिसले, की तास कमी केले, पण माणसे पुरेशी वाढवली नव्हती, त्यामुळे एकेका डॉक्टरवर जास्त रुग्ण आले. रुग्णसंख्येचा हिशेब धरला, की फरक नाहीसा झाला. ‘तास कमी करा’ असे परिपत्रक नव्या जागांशिवाय काढले, तर त्याचे नेमके हेच होईल. आज एका डॉक्टरचा जीव जाळून जे काम निघते, ते उद्या अर्ध्या वेळात त्याच डॉक्टरकडून काढून घेतले जाईल.

दुसरी हरकत वरिष्ठांकडून येते : ड्युटी बदलली की रुग्णाची माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना गळते, आणि शिकणेही तुटते. पहिला भाग खरा आहे आणि दुरुस्त होण्याजोगा आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत हँडओव्हर ठरावीक साच्यात, तोंडी आणि लेखी, दोन्ही पद्धतींनी द्यायला शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्याला यंत्र लागत नाही. शिस्त आणि रोजचा अर्धा तास मोकळा वेळ लागतो. दुसऱ्या भागाविषयी एवढेच, की तिसाव्या तासाला राउंडवर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या डॉक्टरला कोणी काही शिकवत आहे, असे मानणे हे मानणाऱ्याच्या सोयीचे आहे.

योगवर्ग, ध्यान शिबिरे, समुपदेशनाच्या हेल्पलाइन यांना विरोध असण्याचे कारण नाही. पण डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या १९ अभ्यासांचा २०१७ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात व्यक्तीला शिकवण्यापेक्षा कामाची रचना बदलणारे उपाय अधिक परिणामकारक ठरले. एकूण परिणाम मात्र माफकच होता. साडेसहाच्या योगवर्गाला रात्रभर जागलेल्या डॉक्टरने यावे, ही अपेक्षा नव्या ड्युटीसारखीच असते.

शासनाच्या हातातल्या गोष्टी यावरून बऱ्याच स्पष्ट होतात. पहिली आणि स्वस्त गोष्ट मोजणीची. प्रत्येक निवासी डॉक्टर प्रत्यक्ष किती तास ड्युटीवर होता, याची नोंद आज विभागाच्या रजिस्टरवर असते, आणि विभागप्रमुखाच्या सहीखाली विद्यार्थी काय लिहील हे सांगायला नको. ज्याच्या सहीवर परीक्षेचा अर्ज पुढे जातो, त्याच्याविरुद्ध तासांची तक्रार कोणी करत नाही. इंग्लंडमध्ये २०१६ च्या करारापासून रुग्णालयात यासाठी स्वतंत्र अधिकारी असतो. ठरल्यापेक्षा जास्त काम झाले, की शिकाऊ डॉक्टर ऑनलाइन नोंद करतो आणि ती त्या अधिकाऱ्यापर्यंत पोचते. महाराष्ट्रात हे काम विभागाकडे न ठेवता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे किंवा वैद्यकीय शिक्षण आयुक्तालयाकडे देता येईल. दुसरी गोष्ट रिक्त पदांची : कनिष्ठ डॉक्टरांची, आणि तितकीच वॉर्डबॉय, तंत्रज्ञ, परिचारिका, डेटा ऑपरेटर यांची. ट्रॉली आणि रक्ताच्या पिशव्या यांत जाणारे तास डॉक्टरी शिक्षणाचे नाहीत; ते परत मिळवायला नवे वैद्यकीय महाविद्यालय उघडावे लागत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे २४ तासांच्या ड्युटीनंतर सक्तीची सुट्टी, जिच्यात ‘एवढा राउंड करून जा’ येत नाही. ‘पोस्ट-कॉल’चा अर्थ घरी जाणे असाच असला पाहिजे. झोपण्याच्या खोल्या, कुलूप लागणारे दार, रात्री गरम जेवण या बाबी इतक्या साध्या आहेत, की त्यांच्यासाठी धोरण लागू नये. तरी त्या संपाच्या मागणीपत्रांत वर्षानुवर्षे दिसतात.

शेवटची बाब संशोधनाची. या पत्रातला बहुतेक पुरावा अमेरिका, युरोप आणि इस्रायलमधला आहे. राज्याच्या महाविद्यालयांत दरवर्षी निवासी डॉक्टरांची नवी तुकडी येते, तीन वर्षे एकाच छताखाली राहते आणि तिथे रक्त तपासण्याची सोय त्याच इमारतीत असते. प्रवेशाच्या वेळी आणि दर वर्षाअखेर स्वेच्छेने, नाव गुप्त ठेवून रक्तदाब, वजन, साखर, चरबी, पांढऱ्या पेशींची संख्या आणि झोपेचे तास नोंदवले, तर ड्युटीच्या नोंदीशी ते ताडून पाहता येईल. दहा वर्षांत दक्षिण आशियाई माणसाच्या धमनीविषयी जे कळेल, ते आज जगात कोणाकडे नाही. नोंदी संस्थेच्या नैतिकता समितीच्या देखरेखीखाली राहाव्यात आणि विभागप्रमुखांना त्या दिसू नयेत, एवढी अट त्याला पुरेशी आहे.

केईएम, सायन, नायर ही रुग्णालये मुंबई महापालिकेची असल्याने ड्युटीच्या नोंदीचा आदेश तिथे नगरविकास विभागामार्फत जावा लागेल. तो राज्याच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयांत एकाच तारखेपासून लागू व्हावा.

कळावे.

प्रत माहितीसाठी : आयुक्त, वैद्यकीय शिक्षण, कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक, आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका, केंद्रीय मार्ड.